एक खडू येणे

आपल्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजच्या, म्हणजे मणके आणि सांधे हाताने दाबून उपचार करायला शिकवणाऱ्या कॉलेजच्या, स्मरणिका समितीचं पत्र आलं आणि आधी आठवला तो शनिवारचा शेवटचा तास. आठवायला तसं बरंच होतं. मणक्यांवर हाताने दाब देण्याचा सराव करायच्या ॲडजस्टमेंट लॅबमधल्या टेबलांसाठीची भांडणं, अस्थिशास्त्राच्या मॅडमची तोंडी परीक्षा, सगळंच. मॅडमनी रागावू नये. मला दिलेल्या दोन पानांत मी सरांबद्दलच लिहिणार आहे, आणि सर म्हणजे कोणते सर हे आमच्या बॅचला सांगायला नको.

वेळापत्रकात विषयाचं नाव 'प्रॅक्टिस मॅनेजमेंट' होतं. आम्ही त्याला 'दुकानाचा तास' म्हणायचो. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "दुकानच आहे. गिऱ्हाईक कळवळत येतं, एवढाच फरक. म्हणून जास्त जपून चालवायचं." पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचीच केस मांडली. हात चांगले होते, पेशंट बरे होत होते, तरी त्यांचं पहिलं क्लिनिक अठरा महिन्यांत बंद पडलं. "का, ते आपण वर्षभर शोधू."

२००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पूर्ण अभ्यासक्रमाला किमान ४२०० तास, त्यात किमान १००० तास देखरेखीखाली पेशंट पाहायचे. पुढे कधीतरी ते वाचताना मी सरांचे तास मोजले. आठवड्याला एक. त्यातही बेल लवकर व्हायची.

जिन्याजवळच्या भिंतीवरचे फोटोतले पामर पितापुत्र सगळ्यांना आठवत असतील, वडील कायरोप्रॅक्टिकचे जनक आणि मुलगा तो पसरवणारा. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हेनपोर्टमध्ये वडील डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या पहिल्या पेशंटच्या पाठीवर हात ठेवला, ही गोष्ट आम्हाला प्रत्येक विषयात ऐकावी लागली. सर मात्र मुलाच्या फोटोपुढे थांबायचे. बी. जे. पामर यांना जाहिरातीचं केवढं अंग! १९२२ साली त्यांनी आपल्या कायरोप्रॅक्टिक शाळेसाठी चक्क रेडिओ केंद्र घेतलं. सर हे कौतुकाने सांगायचे, आणि लगेच १९२४ वर यायचे. त्या वर्षी बी. जे. यांनी पाठीवरच्या तापमानातला फरक मोजणारं न्यूरोकॅलोमीटर आणलं. ते विकत मिळायचं नाही, भारी भाड्यानेच घ्यायचं. त्याच्याशिवाय चालणारच नाही असा त्यांचा आग्रह. त्यावरून इतकी फूट पडली की त्यांचेच जुने साथीदार दूर गेले. "यंत्र तापमान दाखवत होतं," सर म्हणायचे, "पण साथीदारांनी भाडं बघितलं."

आता खडूंची गोष्ट. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

सरांनी चौघाचौघांचे गट पाडले. प्रत्येक गट म्हणजे एक क्लिनिक आणि प्रत्येक क्लिनिकला भांडवल चाळीस खडू. महिन्याचं भाडं सहा खडू, रिसेप्शनवरच्या मुलीचा पगार चार, टेबलाच्या कर्जाचा हप्ता तीन, विमा आणि वीज मिळून दोन. म्हणजे एकही पेशंट आला नाही तरी पंधरा खडू गेलेच. एका भेटीची फी अर्धा खडू. तीस भेटी झाल्या की त्या महिन्याचे दिवे स्वतःच्या पैशाने लागले. एकतिसाव्या भेटीपासून आपलं. हे गणित सरांनी फळ्यावर मांडलं नाही. पहिल्या महिनाअखेरीला ते येऊन डब्यातले पंधरा खडू उचलून घेऊन गेले, तेव्हा ते आम्हाला समजलं.

मला त्या वयात जरा जास्तच अक्कल होती. मी योजना काढली: चोवीस भेटींचे बारा खडू होतात, आधी भराल तर दहा. पाच पेशंटनी एका दमात भरले. पन्नास खडू! भाडंबिडं देऊनही डब्यात पंचाहत्तर उरले. त्यातले चाळीस देऊन आम्ही दुसरं टेबल घेतलं आणि बाकीच्या गटांकडे दयेने बघू लागलो. पुढचे दोन महिने आमची दोन्ही टेबलं भरलेली होती आणि डब्यात काहीही पडत नव्हतं, कारण येणारा प्रत्येक जण आधीच पैसे भरून बसला होता. तिसऱ्या महिन्याचे पंधरा गेल्यावर उरले पाच.

त्या शनिवारी सर स्वतः पेशंट होऊन आले. आमच्या दोन बाकांच्या 'टेबला'वर बसले आणि म्हणाले, "आठ वेळा आलो, पाठ बरी झाली. वापरलेल्या भेटींचे पूर्ण दराने चार खडू कापा. उरलेले सहा परत."

मी म्हटलं, "सर, अजून सोळा भेटी आहेत. मणके पूर्ण स्थिर व्हायचेत."

"असं कुठे लिहिलंय? नोंद दाखवा."

नोंदवहीत आठ तारखा होत्या. वेदना किती, कमरेची हालचाल किती, पुन्हा कधी तपासलं, काही नाही. मग मी घाबरवून पाहिलं. आता थांबलात तर पुढे त्रास वाढेल, वगैरे. सरांचा चेहरा त्या वर्षात तेव्हा एकदाच उतरलेला मी पाहिला. "बाई, मला भीती विकू नका," एवढंच म्हणाले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाने मला 'बाई' आणि 'नका' म्हटलं, ते अजून टोचतं. पाचही खडू मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी खिशातून वही काढून माझ्या नावापुढे लिहिलं, 'एक खडू येणे'. मग फळ्यावर दोन रकाने आखायला लावले: मिळालेले आणि कमावलेले. पन्नास खडू पहिल्या रकान्यात होते. दुसऱ्यात भेट होईल तसा एकेक तुकडा सरकायला हवा होता, आणि मी टेबल घेतलं होतं ते पहिल्यातून.

पदवीनंतर पहिली नोकरी धरली तिथे पेशंटशी काय बोलायचं ते छापून ठेवलं होतं. पहिल्याच भेटीत वर्षभराचे पैसे भरून घ्यायचे. आठव्या दिवसापर्यंत मला ते पाठ झालं आणि चौथ्या महिन्यात मी बाहेर पडले. आज माझी दोन क्लिनिक आहेत. सांगायला संकोच वाटत नाही, दोन्ही कर्जमुक्त आहेत. आगाऊ आलेले पैसे वेगळ्या खात्यात राहतात. हिशेबनीस दर महिन्याला विचारतो की एवढी रक्कम नुसती का पडू देता. त्याला मी खडूंची गोष्ट दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा त्यानेच विषय बदलला.

गेल्या वर्षी आपल्याच कॉलेजची एक मुलगी मुलाखतीला आली. हात सुरेख. महिन्याचा खर्च निघायला किती भेटी लागतील विचारलं तर गप्प. फी सांगताना आवाज खाली गेला. सर आम्हाला उभं करून फी मोठ्याने दहा वेळा म्हणायला लावायचे. निम्मा वर्ग लाजेने लाल व्हायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, तो तास आता रेकॉर्ड केलेल्या भाषणांवर भागवतात आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्न असतात. भाषणं चांगली असतीलही. पण भाषण बाकावर बसून पैसे परत मागत नाही. मुलीला मी ठेवून घेतलं.

वर्गांतले फळेही बदललेत म्हणे, आता पांढरे आणि मार्करचे. समारंभाला सर येणार की नाही ते निमंत्रणात लिहिलेलं नाही. मी पर्समध्ये एक खडू घेऊन येणार आहे. अख्खा.