धाप लागणाऱ्याला टेन्स लावायचं असेल तर

टेन्स म्हणजे कातडीला चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देणारं छोटं मशीन. त्याच्या करंटने दमा मुळापासून जातो असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं चुलीत पऱ्हाट्या जाळून सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) झालेल्या बाया आहेत, जिनिंगच्या धुळीने छाती आवळलेले मजूर आहेत. त्यांच्यासाठी या मशीनचा उपयोग आहे, पण मर्यादित. सीओपीडीवरच्या काही छोट्या अभ्यासांत ४५ मिनिटांच्या एका बैठकीनंतर धाप कमी झाल्याचं दिसलं. सगळ्या अभ्यासांचे निकाल मात्र जुळत नाहीत. म्हणून पंप आणि डॉक्टरांची औषधं चालू ठेवूनच हे करायचं.

मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड सगळ्यात वर येतं, त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अंगठ्याच्या रुंदीवर चिनी अ‍ॅक्युपंक्चरमधले ‘डिंगचुआन’ बिंदू येतात. धापेसाठी पॅड तिथे लावायचे. मशीनसोबत मिळणारे ५ सेंमीचे चौकोनी पॅड इथे एकमेकांवर चढतात आणि करंट वरच्यावरच निघून जातो. ३ सेंमीचे गोल पॅड घ्या, थोडे बाहेर सरकवा, मध्ये बोटभर जागा सोडा. फ्रिक्वेन्सी ४ हर्ट्झ, पल्स २०० मायक्रोसेकंद. टकटक ठळक जाणवेल पण दुखणार नाही, इतकाच करंट ठेवा.

पॅड लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो तेलाने आणि घामाने. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पॅडची एक कड सुटते, सगळा करंट उरलेल्या चिकट भागातून जातो आणि तिथे सुई टोचल्यासारखं होतं, कातडी भाजूही शकते. अशा वेळी बरेच जण करंट कमी-जास्त करत बसतात. ते करू नका. मशीन बंद करा, मान साबणाने धुऊन कोरडी करा, पॅड नवा लावा. एकाचे पॅड दुसऱ्याला लावू नका.

पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीच्या आरपार पॅड कधीच नाही.

फरक पडला का, हे पीक फ्लो मीटरवर (फुंकेचा जोर मोजणारी छोटी नळी) पाहा: आधी आणि नंतर तीन-तीन फुंका, त्यातला मोठा आकडा लिहायचा. बरं वाटलं पण आकडा तोच असेल, तर धाप जाणवणं कमी झालंय, श्वासनळ्या आहेत तशाच आहेत.

माझ्या मते जास्त भरवशाचा उपयोग मांड्यांवर आहे. सीओपीडी वाढला की माणूस चालणं टाळतो आणि मांड्या वाळतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ५२ रुग्ण होते. दोन्ही मांड्यांना रोज ३० मिनिटं, ६ आठवडे करंट दिल्यावर सहा मिनिटांत चालण्याचं अंतर वाढलं, आणि थांबवल्यावर तो फायदा ओसरला. यासाठी साधं टेन्स चालत नाही. स्नायू आवळून सोडणारं, मध्ये विसावा देणारं एनएमईएस मशीन लागतं, साधारण ५० हर्ट्झचं. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या.

आणि एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही दम उतरत नसेल, तर पॅड काढून टाका आणि १०८ला फोन लावा.