किल्ली मुकी की गाडी बहिरी?

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की त्याच्या पाठीत धपाटा घालायचा, सेल जागच्या जागी गोल फिरवायचे आणि पुन्हा दाबून बघायचं, ही आपली घरोघरची दुरुस्ती. गाडीच्या रिमोटला मात्र कुणी मारत नाही. नवा घ्यायचा तर काही हजारांना चाट बसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग सगळा राग अंगठ्यातून निघतो. बटण जास्त जोरात दाबलं की लहरीही जास्त जोरात जातील, अशी श्रद्धा त्यामागे असावी. तशा त्या जात नाहीत. बटणाला दाबलं किंवा नाही दाबलं एवढंच कळतं. तुमची चिडचिड त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पार्किंगमध्ये असा कुणी अंगठ्याचा व्यायाम करताना दिसला की पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. "सेल गेला असेल." "सेन्सर गेलाय, शोरूमलाच न्या." "माझ्या भाच्याच्या गाडीचं अस्संच झालं होतं, अख्खा कॉम्प्युटर बदलावा लागला." आमचे वॉचमन मामा लांबून ओरडतात, "साहेब, जवळ जाऊन दाबा की!" माझ्या मते त्या मंडळात शास्त्रशुद्ध बोलणारे तेवढे एकच. कारण लांबून चालत नाही पण दाराशी चालतं, म्हणजे आवाज क्षीण झालाय. दाराशीही चालत नाही, म्हणजे भानगड वेगळी आहे. शोधायचं असतं ते इतकंच, की किल्ली मुकी झाली, गाडी बहिरी झाली, की दोघींच्या मधल्या हवेत गलका माजलाय.

साध्या रिमोटचं बोलणं एकतर्फी असतं. आपल्याकडे सहसा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर तो आपला सांकेतिक निरोप सोडतो आणि मोकळा होतो. गाडीने ऐकला की नाही, याची त्याला खबर नसते. त्याच्या टोकाचा तो इवलासा लाल दिवा लुकलुकला की लोकांना वाटतं, चला, रिमोट ठणठणीत आहे. तो दिवा फक्त सांगतो की बटण लागलं आणि सेलात थोडी धुगधुगी आहे. निरोप गेला की नाही, याची ग्वाही तो देत नाही.

म्हणून पहिली साक्ष घ्यायची ती दुसऱ्या किल्लीची. ही दुसरी किल्ली बहुतेक घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये असते, गाडीच्या कागदांसोबत, मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट, सोन्याच्या शेजारी. तिने गाडी उघडली तर दोष पहिलीत. दोघींनीही नाही उघडली तर संशय गाडीवर. तेही लगेच नाही, कारण लॉकरमध्ये पडून असलेल्या किल्लीचा सेलही उतरलेला असू शकतो. खिशातून न काढता दार उघडणाऱ्या किल्ल्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं. आपण दाराच्या हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झच्या, हातभर अंतरातच ऐकू जाईल अशा, हलक्या लहरीत विचारते, "आहेस का गं?" मग किल्ली वरच्या पट्टीत उत्तर देते. ही हाक ऐकायची तर किल्लीला रात्रंदिवस कान टवकारून बसावं लागतं. बसून खाणाऱ्याचाही खर्च असतोच. टीव्ही, कॉम्प्युटर यांना खेटून किल्ली ठेवू नका, असं काही गाड्यांच्या माहितीपुस्तकांत लिहिलेलं असतं ते याच कारणाने: तिथल्या खरखरीने ती उगाच जागी होत राहते आणि सेल झिजतो. पण माहितीपुस्तक वाचतो कोण? तेही लॉकरमध्येच असतं.

सेल बदलायला मी घड्याळवाल्याकडे जाते. काचेखाली पट्टे मांडलेले, डोळ्याला भिंग, समोर कुणाच्या तरी आजोबांचं चावीचं घड्याळ उघडं पडलेलं. अशा माणसाच्या हाती रिमोट देताना जिवाला जरा बरं वाटतं. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल असतो. त्यातले पहिले दोन आकडे व्यासाचे, म्हणजे २० मिलिमीटर, आणि पुढचे दोन जाडीचे, म्हणजे ३.२ मिलिमीटर. दुकानात नेमका २०३२ नसला की, "२०२५ घ्या, व्होल्ट तेवढेच आहेत," असं सांगणारे भेटतात. व्होल्ट तेवढेच, पण जाडी अडीच मिलिमीटर. मग कागदाची घडी घालून तो बसवायचा. दोन दिवस गाडी उघडते, तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवरून गेली की कागद सरकतो आणि पुन्हा पार्किंगमध्ये मंडळ जमतं.

गेल्या पावसाळ्यात आमचा रिमोट लहर लागेल तसा चालू लागला, तेव्हा या काकांनी सेल काढून मीटरवर लावला आणि मान हलवली. "ताई, सेल बरा आहे. पत्ती बसलीय." सेलला टेकून राहणारी ती नखाएवढी पितळी पत्ती वर्षानुवर्षांच्या दाबाने सपाट झाली होती. चिमट्याने त्यांनी ती अलगद उचलली, बोटाचा तेलकट डाग लागू नये म्हणून सेल कडेने धरून परत बसवला आणि पैसे विचारल्यावर म्हणाले, "कशाचे?" एवढ्यावर प्रकरण मिटलं. शोरूमच्या काउंटरवर पत्ती बसल्याचं निदान कुणी करेल, असं मला वाटत नाही. तिथे बसलेली वस्तू उचलायची पद्धत नाही, बदलायची आहे.

त्यांनीच शिकवलेल्या आणखी गोष्टी आहेत. मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून सेलवर फार विसंबायचं नाही. म्हातारा सेल नुसता बसलेला असताना बरा आकडा दाखवतो आणि काम सांगितलं की मान टाकतो. लॉकचं बटण चालतं आणि अनलॉकचं चालत नाही, असं असेल तर सेलला बोल लावायचा नाही. सेल दोघांचा एकच. रबरी बटणाखालचा काळा कार्बनचा ठिपका झिजलेला असतो, नाहीतर खालच्या स्विचचा कथलाचा डाग सुटलेला असतो. पँटच्या खिशातून वॉशिंग मशीन फिरून आलेली किल्ली तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या आधी तिच्यातला सेल काढायचा. पाणी एकटं असलं तर वाळून जातं. पाणी आणि सेल एकत्र राहिले की हिरवा गंज चढतो. आणि हल्ली काही नव्या सेलांना कडू लेप असतो, तो कधीकधी पत्तीच्या आड येतो आणि कोरा करकरीत सेलही चालत नाही. लेप असतो तो मात्र चांगल्या कारणाने. लहान मुलाने बटन सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. जुना सेल घरी आणून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये टाकायची सवय म्हणूनच वाईट.

गाडी बहिरी असते तेव्हा गंमत वेगळी. २०२० च्या लॉकडाउननंतर कित्येकांनी रिमोटचे सेल बदलून पाहिले, दुसऱ्या किल्ल्या शोधल्या. आणि बसली होती ती गाडीचीच १२ व्होल्टची बॅटरी. ऐकणाराच झोपलेला असल्यावर हाका मारून काय होणार? उलट प्रकारही घडतो. डिकी नीट लागलेली नसते किंवा दुसरी किल्ली पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, आणि गाडी लॉक व्हायला नकार देते. हा बिघाड नाही, शहाणपणा आहे. पण त्यासाठीही मंडळ बसलेलं मी पाहिलं आहे.

नातवंडांच्या हाती रिमोट लागला, तर हिशेब आणखी निराळा. रिमोट दर वेळी तोच निरोप पाठवत नाही. तसा पाठवला असता तर कुणीही तो पकडून ठेवला असता आणि रात्री वाजवून गाडी पळवली असती. म्हणून किल्ली आणि गाडी दोघी एक आकडा मोजत असतात. प्रत्येक दाबण्यागणिक तो पुढे सरकतो, आणि जातो तो कुलूपबंद होऊन. गाडी पुढचा आकडा घेते, मागचा फेटाळते. या जातीची एक फार पसरलेली पद्धत म्हणजे कीलॉक. तिचा जन्म १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत झाला आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिपने ती विकत घेतली. आता चौथ्या मजल्यावर नातू सोफ्यावर बसून "टुक टुक" करत राहिला, तर किल्लीचा आकडा पुढे पळतो आणि खाली गाडी जुन्याच आकड्यावर उभी. थोडाफार फरक गाडी पोटात घालते. कीलॉकमध्ये साधारण १६ पावलांपर्यंत. त्यापुढे गेलं की लागोपाठचे दोन निरोप ऐकल्याशिवाय तिची खात्री पटत नाही. म्हणजे जवळ जाऊन दोनदा दाबायचं. वॉचमन मामांना दक्षिण आफ्रिका ठाऊक नसेल, पण उपाय त्यांचाच. काही गाड्यांना तेवढंही पुरत नाही, किल्ली लावून इग्निशन चालू-बंद करण्याची त्यांची स्वतंत्र पूजा असते.

आणि कधीकधी दोघी निर्दोष असतात, हवाच खराब असते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावाच्या एका भागात २०१९ मध्ये गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजची दारं अचानक निकामी झाली. एकाच्या नाही, शेजारपाजारच्या सगळ्यांच्याच. जवळच नासाचं संशोधन केंद्र असल्यामुळे लोकांनी कल्पनेचे घोडे कुठवर दौडवले असतील ते सांगायला नको. शेवटी यंत्रं घेऊन माग काढत गेल्यावर उलगडा एका घरात झाला. तळघरात काम करताना वर कुणी आलं तर कळावं म्हणून एका हौशी गृहस्थाने घरीच एक बॅटरीवर चालणारं खेळणं बनवलं होतं, आणि ते ३१५ मेगाहर्ट्‌झवर अखंड बडबडत होतं. अमेरिकेतल्या रिमोटांची तीच पट्टी. बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. सेन्सर गेलाय, कॉम्प्युटर गेलाय, असं छातीठोक सांगणारे तिथल्या पार्किंगांतही निघाले असतीलच.

हवेतल्या गलक्यावर एक घरगुती तोड आहे: रिमोट हनुवटीला टेकवून दाबायचा. दिसायला तो शुद्ध वेडेपणा दिसतो, पण डोक्यातलं पाणी लहरींना जोड देतं आणि काही मीटरांची भर पडते. मेंदूचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो.

हे सगळं करूनही सेल मेलेलाच असेल, तर स्मार्ट किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडलेली असते आणि तिच्यासाठी दाराला भोकही असतं. काही गाड्यांत हँडलच्या टोपीखाली. आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, हे कळलं तेव्हा त्यांना हरवलेला भाऊ भेटल्याचा आनंद झाला. "बघ, शेवटी खरी किल्ली ती खरीच!" म्हणत त्यांनी ती कुलपात घातली, ऐटीत फिरवली, दार उघडलं, आणि गाडी बोंबलायला लागली. रिमोटने लावलेलं कुलूप लोखंडाने उघडलं की बऱ्याच गाड्या तो दरोडा समजतात. गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. मामा काठी घेऊन धावत आले. मेलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबलं की आतली चिप सेलशिवायही ओळख पटवते आणि भोंगा थांबतो, हे मी ओरडून सांगत होते, पण नाना बाहेर उभे राहून गाडीलाच दटावत होते, "अगं, मालक आहे मी!"