जिन्याखालचा वर्ग

२००१ साली बारावी पास होऊन मी घरीच होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात दोन खोल्यांचं घर, बाबांचं आजारपण, त्यामुळे कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं होतं. समोरच्या वहिनींनी आईला सांगितलं, "म्युनिसिपालिटीच्या शाळांसाठी 'प्रथम'वाल्यांना मुली हव्यात. तिसरी-चौथीत असून ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकवायचं. बालसखी म्हणतात." 'प्रथम' ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था. मानधन महिना हजाराच्या आत. आई म्हणाली, जा, घरात बसून काय करणार?

आधी दोन आठवडे प्रशिक्षण झालं. मला वाटलं होतं, फळ्यावर कसं लिहायचं, मुलांना गप्प कसं बसवायचं असलं काहीतरी सांगतील. त्यांनी आम्हाला जमिनीवर बसवलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली: मूल कुठे अडलंय ते आधी बघा. अक्षर ओळखतं का? शब्द वाचतं का? दोन ओळी वाचून अर्थ सांगतं का? जिथे अडेल तिथून सुरुवात. ते तिसरीत आहे की चौथीत, हे तेवढ्यापुरतं विसरा. तेव्हा मला हे फारच साधं वाटलं होतं.

मला शहरातल्या वाडी भागाकडची एक गुजराती माध्यमाची शाळा मिळाली. खोली नव्हती, म्हणून जिन्याखालची जागा दिली. शेजारी पाण्याची टाकी, सुट्टीत तिथे ही झुंबड. घरून सतरंजी नेली. तिसरीतली अठरा मुलं आली. रोज शाळेच्या वेळातले दोन तास ती माझ्याकडे, उरलेला वेळ वर्गात. वर्गाच्या बेन पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू बारावी पास, तू काय वेगळं शिकवणार?" मला रडू आलं होतं. पण त्यांच्यापुढे पन्नासच्या वर मुलं होती आणि पुस्तक वेळेत संपवायचं होतं. मागे राहिलेल्यांसाठी मागे यायला त्यांच्याकडे वेळच नव्हता, हे आज मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे कळतं.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ते ऐकतच आम्ही मोठे झालो. माझ्या सतरंजीवरची ती अठरा मुलंही शाळेत रोज येत होती, हजेरीपटावर होती. पण 'ग म न ज' ही गुजराती वाचायला शिकवताना सुरुवातीला घेतात ती चार अक्षरं त्यांच्यातल्या सहा जणांना एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नव्हती.

मी स्वतः सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. हाताला शिरोरेघेची सवय, गुजरातीत ती नसते. पहिल्या आठवड्यात पाटीवर गुजराती अक्षरं काढून वर रेघ ओढली, तर एका मुलाने बोट ठेवून विचारलं, "बेन, उपर लीटी केम करी?" ज्याला मी वाचता येत नाही म्हणून शिकवायला बसले होते, त्यानेच ती चूक पकडली होती. त्याला अक्षरांचा आकार दिसत होता, नावं तेवढी कुणी हळू, समोर बसून सांगितली नव्हती. दिवाळीपर्यंत तो जोडाक्षरं सोडून बाकी सगळं वाचायला लागला.

गणिताचं मात्र एका मुलीमुळे उमगलं. ४२ वजा १७. तिने ३५ लिहिलं. मी नुसतं चूक म्हणून खोडलं नाही, विचारलं, कसं केलंस? म्हणाली, "नानामांथी मोटो न जाय, बेन." दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन वजा केले होते. तिच्या डोक्यात नियम होता, फक्त उलटा बसला होता. दुसऱ्या दिवशी मी घरच्या खराट्याच्या काड्या तोडून नेल्या. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधल्या. तिच्यासमोर चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सतरा मागितल्या. तिने एक जुडी दिली. दोन सुट्या दिल्या. मग थांबली. अजून पाच हव्या होत्या आणि हातात नुसत्या जुड्या. बराच वेळ ती जुडीकडे बघत राहिली, मग हळूच विचारलं, "छोडुं?" मी मान हलवली. तिने रबर काढलं, पाच काड्या मोजून माझ्या हातात दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. दोन जुड्या, पाच सुट्या. "पच्चीस," असं इतक्या मोठ्याने ओरडली की वरून कुणीतरी जिन्यातून डोकावलं. हातचा घेणं हे शब्द मी तिला त्यानंतर चार दिवसांनी सांगितले.

त्या वर्षीची एक गोष्ट अजून मनातून जात नाही. चौथीतला एक मुलगा रोज सुट्टीत येऊन सतरंजीच्या कडेला उभा राहायचा. त्यालाही वाचता येत नव्हतं. एकदा स्वतःच म्हणाला, मला पण बसू द्या. मला सांगितलेलं होतं, या शाळेत यंदा फक्त तिसरी. दुसऱ्या काही शाळांत फक्त चौथी. का, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी त्याला परत पाठवलं.

२००२ च्या मार्चमध्ये शहरात कर्फ्यू होता, शाळा बंद पडल्या. उघडल्या तेव्हा मुलं बावरलेली, दोन दिवस नुसत्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या वर्षी चौथीला बालसखी मिळाली, म्हणजे माझीच मुलं परत माझ्याकडे आली. तो मुलगा तोवर पाचवीत गेला होता.

पुढे मी पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि सरकारी प्राथमिक शाळेत विद्यासहायक, म्हणजे शिक्षिका म्हणून लागले. आणि २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा बातम्यांत बडोदा आणि मुंबईच्या बालसखींचं नाव वाचलं. त्यांच्या अभ्यासासाठी आमच्या शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या विभागल्या होत्या, कारण ज्या वर्गाला बालसखी मिळाली आणि ज्याला मिळाली नाही त्यांची तुलना करायची होती. निकाल २००७ मध्ये छापून आला होता. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं हे माप) वाढले होते, आणि ती वाढ जवळजवळ सगळी बालसखीकडे बसलेल्या मुलांची. त्यांच्या जाण्याने वर्गातली गर्दी कमी झाली, तरी वर्गात राहिलेल्यांना त्याचा फायदा झाला नव्हता. माझं म्हणणं इथेच आहे. नुसती गर्दी कमी करून भागत नाही, मूल जिथे आहे तिथे कुणीतरी जाऊन बसावं लागतं. त्याच अभ्यासात हेही आहे की कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात ही वाढ ०.१० वर उतरली. ते वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. पाचवीत गेल्यावर माझ्या त्या मुलांना पुन्हा कुणी विचारलं नसणार, तू कुठे अडलास?

तुलनेशिवाय खरं काय ते कळलं नसतं, हे मला पटतं. आज सरकारचे प्रशिक्षणवर्ग होतात, २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे, आणि पातळीप्रमाणे गट करा हे आता आम्हाला छापील पुस्तिकेत मिळतं. मला त्याचा आनंदच आहे.

पण दर जूनमध्ये शाळा उघडली की पहिले आठ दिवस मी पुस्तक काढत नाही. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक करून शेजारी बसवते आणि एक पान वाचायला देते. दुसऱ्या वर्गातलं कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर त्यालाही आत बोलावते.