तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळ मी का सोडलं

नागपुरात गोकुळपेठेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, सकाळी फुटाळा तलावावर फिरताना कोणी ना कोणी गाठतंच. "काका, एवढ्या वर्षांचं मंडळ काहून सोडलं जी?" काही जण आमच्या संगीत मंडळानं बुवांना परत गायला बोलावल्याचा मी निषेध केला असं समजून माझा हात हातात घेतात. काहींच्या मते मी एका मोठ्या गवयाचा भर मैफलीत अपमान केला, आणि ते तसं तोंडावर बोलूनही दाखवतात. मी दोघांनाही आजवर खरं सांगितलेलं नाही. बोलावायचं ठरलं त्या बैठकीत मी हजर होतो आणि एक शब्द बोललो नाही. बुवा मंचावर आले तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं, त्यात मीही होतो. टाळ्याही वाजवल्या. उठून गेलो तो नंतर.

बुवांचं नाव लिहीत नाही. विचारणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात, 'मी टू'च्या दिवसांत, त्यांच्या एका शिष्येनं बुवांनी लैंगिक छळ केल्याचं लिहिलं, आठवड्याभरात दुसरीनं. बुवांनी सगळं नाकारलं. खटला नाही, चौकशी नाही. काही वर्षं ते कुठे गायले नाहीत, मग लहानसहान ठिकाणी गाऊ लागले, आणि मग आमच्याकडे आले. माझा पुतण्या त्यांना "तो" म्हणतो. माझ्या तोंडून अजून "ते"च निघतं. तिसाव्या वर्षी मी त्यांचा मारवा राग पहिल्यांदा ऐकला, तेव्हापासूनचं ते "ते" आहे.

२०१८ मध्ये मी काय बोलत होतो तेही सांगतो, कारण तेच आता लोक मला ऐकवतात. "एवढी वर्षं ती काय करत होती? तक्रार का नाही केली?" हे मी जेवताना बायकोसमोर म्हटलं. ती अर्धं ताट उचलून आत गेली. नंतर, फार नंतर, मी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वाचला. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कचेरीवरून मी तीस वर्षं बँकेत गेलो, आणि अशी काही समिती असते हे मला माहीत नव्हतं. गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला मात्र ते माहीत असायला हवं होतं, असा माझा आग्रह! गुरूचं घर हे कामाचं ठिकाण धरायचं की नाही, यावर वकील वाद घालत बसतील. तिला तर तिथेच झोपायचं होतं. एम. जे. अकबर यांच्यावर असेच आरोप केले म्हणून त्यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यातून पत्रकार प्रिया रमाणी यांना दिल्लीच्या न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२१ ला निर्दोष सोडलं, तेव्हा निकालातच म्हटलं होतं की बाई आपलं गाऱ्हाणं कितीही वर्षांनी आणि तिला वाटेल तिथे मांडू शकते. ते वाचून मला माझं जेवतानाचं वाक्य आठवलं.

पण तेव्हाचा मी निव्वळ दुष्ट होतो असंही मला मान्य नाही. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हे मी आजही मानतो. मद्रास म्युझिक अकॅडमीनं २०१८ च्या डिसेंबरच्या महोत्सवातून आरोप झालेले सात कलावंत वगळले तेव्हा मला ती घाई वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही. पण "मग काय त्यांनी गाणंच सोडावं? किती वर्षं?" असं कोणी विचारलं तर मी अजूनही गप्प होतो. उलटा प्रश्न मात्र आता माझ्याजवळ आहे. त्याच वर्षी गायिका चिन्मयी श्रीपादानं आरोप केले, आणि पुढच्याच महिन्यात तमिळ डबिंग कलाकारांच्या संघटनेतून तिचंच सदस्यत्व गेलं, वर्गणी थकल्याचं कारण देऊन. तिनं किती वर्षं थांबायचं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं होतं?

आता त्या संध्याकाळचं.

मंडळात माझ्याकडे दोनच कामं असायची, पासेस आणि तानपुरे. बाहेरचा गवई तबला-पेटीचं आपलं ठरवून येतो, तानपुऱ्यावर मात्र बहुतेक वेळा गावातलीच शिकणारी मुलं बसतात. वीसेक वर्षं मी त्यासाठी गाणं शिकवणाऱ्या एकाच बाईंना फोन करत आलो. त्यांच्याकडे तेव्हा दोन चांगल्या मुली होत्या, आणि आमच्या आधीच्या मैफलीला त्याच बसल्या होत्या. तानपुऱ्यावर बसणं ही तालीमच असते. गवयाच्या पाठीशी हातभरावर बसून दोन-अडीच तास त्याचा श्वास कुठे तुटतो, स्वर कुठून उचलतो, हे जे कानावर पडतं ते कुठल्या क्लासात मिळत नाही.

मी फोन केला. बाई थोडं थांबून म्हणाल्या, "भाऊ, या वेळी मुली नाही पाठवत. दोन मुलं पाठवते. चांगली आहेत."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. का, म्हणून विचारलं नाही. याच बाई आठ दिवसांआधी चारचौघांत म्हणाल्या होत्या की काही सिद्ध झालेलं नाही, गाण्यापुरतं पाहावं. मग माझ्या एकेक ध्यानात यायला लागलं. बैठकीत बुवांची सगळ्यात जोरात बाजू घेणाऱ्या गृहस्थांची मुलगी दर वेळी पाहुण्यांना आणायला विमानतळावर जायची, या वेळी नुसता ड्रायव्हर गेला. पाहुणे नेहमी लक्ष्मीनगरला ज्यांच्या घरी उतरत, त्यांनी हॉटेल सुचवलं, घरात सुना आहेत म्हणून. कोणी कोणाशी बोललं नव्हतं. आरोपांवर विश्वास नाही म्हणणारा जो तो आपापल्या घरची मुलगी बाजूला घेत होता. आणि तानपुऱ्यापुरतं ते काम मी केलं होतं.

सभागृह भरलं होतं. बुवा आले, वाकून नमस्कार केला, म्हणाले, "तुम्ही मला विसरला नाहीत." लोक उभे राहिले. माझ्या शेजारचे सत्तरीतले गृहस्थ डोळे पुसत होते, आणि ते अश्रू खरे होते. बुवांनी मारवाच घेतला. या रागात पंचम, म्हणजे प, वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात, म्हणजे नी वर, लावलेली. षड्जाला, म्हणजे मूळ सा ला, हात न लावता ते रिषभ-धैवतावर इतका वेळ राहिले की अंगावर काटा आला, आणि मग षड्ज लागला तेव्हा सभागृहानं एकदम श्वास सोडला. ते उत्तम गायले. हे मी नाकारणार नाही. वाईट गायले असते तर मला सोपं गेलं असतं.

मध्यंतरात मी दाराशी गेलो. बाईंच्या त्या दोघी मुली शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, स्वतः तिकीट काढून. त्यातली धाकटी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, मागच्या वेळी माझी तार उतरली होती, म्हणून नाही ना बोलावलं?"

मी म्हणालो, "नाही गं. बुवांनी या वेळी आपलीच मुलं आणली सोबत."

ती मुलं नागपूरचीच होती. तिच्याच क्लासातली. तिला ते माहीत होतं. तिनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पासेसचं रजिस्टर आणि कपाटाच्या किल्ल्या अध्यक्षांच्या घरी देऊन आलो.

मग काय करायला हवं होतं? मुलींना बसवायला हवं होतं? नाही, माझी स्वतःची असती तर मीही बसवली नसती. बैठकीत बोलायला हवं होतं? हो. पण बोललो असतो तर हरलो असतो, आणि मैफल झालीच असती. ही पळवाट आहे असं बायको म्हणते. असेल. मंडळ सोडून मी कोणाचं भलं केलं, हेही ती विचारते.

मागच्या महिन्यात बाई भेटल्या. गुडघ्यांचं बोलून झालं. मग त्याच म्हणाल्या, "भाऊ, आता मी कोणाहीकडे मुलंच पाठवते. कटकट नको." कोणाहीकडे म्हणजे ज्यांच्याबद्दल कधी ब्र निघालेला नाही त्यांच्याकडेही. बुवांची जागा बुवांना मिळाली. त्या दोघींची गेली ती अजून गेलेलीच आहे.

धाकटीनं त्यानंतर मला काही विचारलेलं नाही. पण प्रश्न तिनंही विचारला होता, आणि सगळ्यांत आधी. आधीच्या मैफलीला मी पहिल्या रांगेत होतो, बाळ. तुझी तार उतरली नव्हती.