मागं बघा की, ताई

टूर मॅनेजरला युरोपात सगळ्यात मोठा धसका असतो तो वेळ चुकण्याचा. सप्टेंबरातल्या त्या सकाळी 36 माणसं घेऊन मी स्वित्झर्लंडमधल्या सेंटिस डोंगराच्या पायथ्याशी, श्वेगआल्पला निघाले होते. केबल कारची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली. उर्नेश गाव मागं पडलं न पडलं तोच बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं, डब्यातून सफरचंद काढलं आणि म्हणाला, "गायी येताहेत. घाई करून उपयोग नाही."

उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत राहिलेली जनावरं थंडीच्या आधी खाली गावात आणतात, त्याची ही मिरवणूक. स्वित्झर्लंडच्या या कुरण-हंगामाला 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मी बसमध्ये हे अनेकदा सांगितलं होतं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. सगळ्यांना खाली उतरवलं आणि रस्त्याकडेच्या कुंपणाला टेकून उभं केलं.

आधी घंटा ऐकू आल्या. मग वळणावरून शुभ्र, बिनशिंगांच्या शेळ्या आल्या, त्यांच्यासोबत एक मुलगा आणि एक मुलगी. मागे पिवळी तुमान, लाल जाकीट, खांद्यावर लाकडी बादली असा गवळी. त्याच्यामागे गळ्यात भल्यामोठ्या घंटा असलेल्या तीन गायी. त्या घंटा सुरात लावलेल्या असतात, आणि पुरुष त्या सुरावर शब्दच नसलेलं योडल गातात. माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यांचे मोबाइल वर गेले, माझाही.

गटात माण तालुक्यातले एक काका होते. मुलानं हौसेनं पाठवलेले, आठ दिवसांत फारसं न बोललेले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, पुढचं काय बघताय? मागं बघा की. काम तिकडं चाललंय."

कळपाच्या शेवटी मालक चालला होता आणि त्याच्या गुडघ्याशी कुत्रा. काळाभोर, भुवयांवर आणि पायांवर तांबूस, छाती पांढरी, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा, शेपटीचं पाठीवर गोल वेटोळं. अपेन्झेलर जातीचा. त्या पट्ट्यामुळे या भागात बहुतेकांच्या कुत्र्याचं नाव ब्लेसच असतं. अल्बर्ट हाइम या भूशास्त्रज्ञानं अशा डोंगरी कुत्र्यांच्या जाती टिकाव्यात म्हणून फार खटपट केली, आणि 1906 मध्ये खास या जातीसाठी मंडळ निघालं.

तेवढ्यात आमच्यातलाच एक मुलगा व्हिडिओसाठी रस्त्यात उतरला. मी ओरडले, पण घंटांच्या आवाजात कुठलं ऐकू जायला! एक कालवड बुजली, गर्रकन वळली आणि कुंपणातल्या फटीतून थेट आमच्या माणसांच्या अंगावर आली. माझ्या पोटात गोळा आला. तिच्यासमोर तीन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या.

मालकानं एकच शब्द उच्चारला. ब्लेस सरळ न धावता बाहेरून वळसा घालून तिच्या मागे पोचला. भुंकणं नाही, काही नाही. खाली वाकून त्यानं मागच्या पायाच्या टाचेला तोंड लावलं आणि त्याच क्षणी पोट टेकून रस्त्यावर सपाट झाला. लाथ आली. खूर त्याच्या कानांवरून गेला, वीतभर अंतर असेल नसेल. दुसऱ्यांदा टाच धरायची वेळच आली नाही. कालवड वळून कळपात शिरली, आणि मग कुठे तो दोनदा भुंकला.

"भार होता त्याच पायाला धरलं," काका म्हणाले. "त्यामुळं लाथ यायला उशीर लागतो, तेवढ्यात ह्यो खाली. आमच्याकडं मेंढरांमागं कुत्री असत्यात, पण ती राखणीची. असलं नाही बघितलं."

त्या मुलाला मी बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलले. मालकाची माफी मागायला गेले, तर माझं पुण्यात शिकलेलं जर्मन त्याच्या बोलीपुढे टिकेना. तो हसला आणि हात हलवून 'असू दे' म्हणाला. काकांनी मोबाइल पुढे केला: बेंदराला सजवलेली खिल्लार जोडी. मालक चालता चालता थांबला. त्यानं त्या शिंगांवर बोट ठेवलं, आपल्या दोन्ही हातांनी तेवढी उंची करून दाखवली. काकांनी मान हलवली, "आणखी वर." गायींची शिंगं न काढता राखणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्यावं का, यावर 2018 मध्ये या देशात सार्वमत झालं होतं. लोकांनी ते नाकारलं. इकडे दोघं फोटोत गुंतलेले आणि ब्लेस एकटाच पुढे निघून गेला होता, शेवटच्या कालवडीच्या डाव्या बाजूनं.

केबल कारची वेळ चुकली. पुढची मिळाली, जेवण तीनला झालं, कुणी कुरकुर केली नाही.

रात्री हॉटेलात सगळे फोटो बघत बसले. घंटा, शेळ्या, पिवळ्या तुमानी. कुत्रा कुठेच नव्हता. फक्त काकांच्या मोबाइलमध्ये एक फोटो निघाला, हललेला, कोपऱ्यात त्यांचाच अंगठा आलेला: खूर हवेत, आणि खाली रस्त्याला चिकटलेला ब्लेस. तो मी मागून घेतला.