क्वाय नदीवरचा पूल

आज थायलंडमधल्या कांचनाबुरीत क्वाय नदीवरचा रेल्वे पूल चालत ओलांडला. मधले दोन गाळे चौकोनी, बाकीचे कमानदार. कमानी मूळच्या; चौकोनी गाळे बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या भागाच्या जागी दुसऱ्या महायुद्धानंतर बसवलेले, तेही जपानमधून आणलेले. त्या जोडावर बराच वेळ उभी राहिले.

मग नाम टोकची गाडी धरली. वाम्पोच्या कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावर ती अगदी मुंगीच्या पावलांनी गेली. खिडकीतून हात काढला असता तर कातळाला लागला असता. शेजारची आजी निवांत भात खात होती. तिची रोजचीच गाडी.

थायलंड ते बर्मा असा ४१५ किलोमीटरचा हा रेल्वेमार्ग जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये सव्वा वर्षात बांधून घेतला. त्यात बारा हजारांहून जास्त युद्धकैदी गेले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कबरी गावातच आहेत, ओळीने, नावानिशी. पण मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ मजूर? बर्मी, जावातले? ते तर कैद्यांच्या कितीतरी पटीने मेले. आपल्याच मातीतून गेलेली माणसं होती हो त्यांत! सगळं कबरस्तान फिरले, त्यांच्या नावाचा एक दगड दिसला नाही.

सकाळी झेंडूची माळ घेतली होती. शेवटी रुळांच्या कडेला, खडीवर ठेवली.