आजीने पैसे मागितले

इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, तक्रार विभागात मी काम करतो. खड्डे, कचऱ्याचे डबे वगैरे शेजारच्या टेबलावर. माझ्याकडे येतात त्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसच्या तक्रारी, म्हणजे मुलांची काळजी बघायला काउन्सिलच्या सोशल वर्करचं पाऊल घरात पडल्यानंतर जे बिनसतं त्या. (खालच्या हकिगतीतले तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

ही तक्रार रेघांच्या कागदावर, बॉलपेनने लिहिलेली. एका आजीची. नातू १४ महिने माझ्याकडे आहे, काउन्सिलनेच तो माझ्याकडे ठेवला, त्याच्या खर्चाचे पैसे मला मिळाले नाहीत. एवढंच.

वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगून टाकतो. नातवाला सांभाळायचे पैसे? मी स्वतः सहावीपर्यंत सांगली जिल्ह्यात आजीकडे वाढलो. आईबाबा मुंबईत, खोली दहा बाय बाराची. आमच्या आजीने कधी कुणापुढे हात पसरला नाही. हे सगळं मी मनातल्या मनात त्या अनोळखी बाईला सुनावूनही टाकलं. शिवाय नियम माझ्या बाजूने होता: तक्रार वर्षभराच्या आत करायची असते, हिला दोन महिने उशीर झालेला. पण उशिराला सबळ कारण असेल तर तक्रार घेता येते, म्हणून विचारायला फोन केला.

"पोर आलं तेव्हा दीड वर्षांचं होतं, लव्ह," पलीकडून आवाज आला. "मी ६१ची. कधी लिहू?"

तक्रार दाखल करून घेतली.

पहिल्या पायरीवर त्याच टीमच्या मॅनेजरने उत्तर द्यायचं असतं, १० कामकाजी दिवसांत, फार तर २०. ते ३४व्या दिवशी आलं. सुरुवातच "तुम्हाला तसं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत" अशी. या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. दिलगिरी आपली आणि चूक मात्र समोरच्याच्या वाटण्याची! पुढे लिहिलं होतं की मुलाला आजीकडे ठेवायचं कुटुंबाने आपसांत ठरवलं, ही खासगी व्यवस्था आहे, सबब फॉस्टरिंगचा, म्हणजे काउन्सिलने ठेवलेलं मूल सांभाळायचा, भत्ता लागू नाही.

आजींना ते मान्य नव्हतं. मग दुसरी पायरी, रीतसर चौकशी. यात चौकशी अधिकाऱ्यासोबत काउन्सिलच्या नोकरीत नसलेली एक इंडिपेंडंट पर्सन लागते. अधिकारीही आम्ही बहुतेक वेळा बाहेरचा आणतो, पण तेव्हा कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मीच गेलो. बरोबरच्या बाई निवृत्त प्रोबेशन ऑफिसर, कमी बोलणाऱ्या.

घर छोटं. पोरगं नर्सरीत गेलेलं. स्वयंपाकघराच्या दाराला चायनीज टेकअवेचं फुकट मिळालेलं कॅलेंडर, मागच्या वर्षीचं. मी चहाला नको म्हणत होतो तेवढ्यात आजींनी ते खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं. एका गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "रात्री ११.२०. सोशल वर्करचा फोन. घ्याल का? २-३ दिवस." पुढच्या चौकोनांत डायपर, कफ सिरप, पुन्हा डायपर, आणि प्रत्येकापुढे रक्कम. तिसऱ्या आठवड्यात फक्त "नोकरी सोडली". शाळेत सफाईचं काम होतं, पहाटेचं. दीड वर्षांच्या पोराला पहाटे पाचला कुणाकडे ठेवणार? मुलाचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे सरकारकडून मुलासाठी मिळणारे पैसे, अजून त्याच्या आईच्या खात्यात जमा होत होता.

"त्या रात्री तुम्ही नाही म्हणाला असतात तर?" बरोबरच्या बाईंनी विचारलं. सबंध भेटीतला त्यांचा एवढाच प्रश्न.

"तर त्याला अनोळखी माणसांकडे नेणार होते. तसं सांगितलं त्यांनी मला."

दुपारी ऑफिसला येऊन फाइल उघडली. दिवसाच्या टीमची नोंद: "फॅमिली अरेंजमेंट." पण रात्रीच्या इमर्जन्सी ड्युटी टीमची नोंदवही वेगळी असते आणि ती मागवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी मागवली. आईला ॲम्ब्युलन्सने नेलं, घरात दुसरं मोठं माणूस नाही, पोलिसांचा फोन, आणि शेवटी: "प्लेस्ड विथ एमजीएम." एमजीएम म्हणजे आईची आई. आणि "प्लेस्ड" म्हणजे ठेवलं. ठेवणारं कोण? काउन्सिल. रात्री ज्याला ठेवलं म्हटलं, त्याचंच सकाळी दुसऱ्या माणसाच्या हातून "कुटुंबाने ठरवलं" झालं. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. आजी आहे म्हटल्यावर ती घेणारच, हे त्या लिहिणारीनेही माझ्यासारखंच गृहीत धरलं असणार.

कायदा असं काही गृहीत धरत नाही. १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टचं २०वं कलम सांगतं की मुलाला सांभाळणारं माणूस काही कारणाने त्याला नीट निवारा देऊ शकत नसेल, तर तो काउन्सिलने द्यायचा. मग मूल आजीकडे राहिलं तरी जबाबदारी काउन्सिलची. २००७मध्ये साउथवर्कच्या खटल्यात अपील कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: मूल नातलगाकडे किंवा ओळखीच्याकडे ठेवण्यात काउन्सिलचा मोठा वाटा असेल, तर मागाहून खासगी व्यवस्था म्हणून अंग काढून घेता येत नाही. खर्च आमच्याकडे नाही हे आधीच, समोरच्याला नीट कळेल असं सांगायला हवं होतं. आजींना रात्री ११.२०ला असं कुणीही सांगितलेलं नव्हतं.

चौकशीला २५ कामकाजी दिवस, ताणून ६५. आम्ही ६१व्या दिवशी अहवाल दिला. वरिष्ठांनी कुरकुर केली, बजेटचं रडगाणं झालं, पण तिसऱ्या पायरीच्या पॅनेलपुढे आणि नंतर ओम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलबाहेरच्या तक्रार निवारकाकडे, "खासगी व्यवस्था" हे म्हणणं टिकणार नाही हे त्यांनाही दिसत होतं. भत्ता पहिल्या रात्रीपासून मंजूर झाला.

त्या रविवारी आईला फोन केला. नावगाव न सांगता हकीगत सांगितली आणि बोलता बोलता म्हणून गेलो, "आपल्या आजीने बघ, कधी एक पैसा मागितला नाही."

"कोण म्हणालं?" आई हसली. "बाबा दर महिन्याला दीडशेची मनिऑर्डर करायचे. दहा तारीख उलटली की तिचं पोस्टकार्ड हजर. पोस्टमनकडून लिहून घ्यायची."

"काय लिहायची?"

"पोराची चप्पल तुटली आहे. बस, एवढंच."